पाच जगज्जेतेपदे, पण ऑलिंपिक सुवर्ण नाही: रॉबिन शोल्कोवीची कारकीर्द कशी मोजायची?

पर्वतीकर

नमस्कार. माझा भाचा गेली सहा वर्षे पुण्यात चाकांच्या स्केट्सवर आर्टिस्टिक स्केटिंग करतो आहे आणि त्यांतली शेवटची तीन वर्षे तो जोडी प्रकारात उतरत होता. मागच्या वर्षी त्याची जोडीदार मुलगी दुसऱ्या मुलाबरोबर सराव करू लागली आणि यंदा त्या नव्या जोडीने मोठ्या स्पर्धेत पहिला क्रमांक पटकावला. यात कोणी कोणावर अन्याय केला असे मला वाटत नाही. मुलगी गुणी आहे, तिचे यश तिच्या कष्टाचे आहे आणि भाच्याने स्वतः तिला फोन करून अभिनंदन केले. मात्र त्या दिवसापासून त्याचे स्केट्स पिशवीतून बाहेर आलेले नाहीत. "मी होतो तेव्हा जमलं नाही, मी बाजूला झालो आणि जमलं, म्हणजे खोट माझ्यातच होती ना, मामा?" असे त्याने मला विचारले आणि मला त्यावर धड उत्तर देता आले नाही.

त्याच्याशी बोलण्याजोगे एखादे उदाहरण शोधत असताना मी बर्फावरच्या जोडी स्केटिंगकडे वळलो आणि रॉबिन शोल्कोवी या जर्मन खेळाडूपाशी येऊन थांबलो. आल्योना सावचेंकोबरोबर त्याने २००८, २००९, २०११, २०१२ आणि २०१४ अशी पाच जगज्जेतेपदे मिळवली, चार वेळा युरोपीय विजेतेपद मिळवले आणि व्हँकूव्हर (२०१०) व सोची (२०१४) या दोन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले. मग तो निवृत्त झाला. सावचेंकोने ब्रुनो मासो या फ्रान्सच्या खेळाडूला जोडीला घेतले आणि २०१८ मध्ये प्योंगचांगला सुवर्णपदक मिळवले. बहुतेक ठिकाणी ही कथा सावचेंकोच्या चिकाटीची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच, पण मला त्या कथेतल्या दुसऱ्या माणसाविषयी जाणून घ्यायचे आहे.

जाणकारांना माझे विचारणे असे आहे की शोल्कोवी हा त्या जोडीतला कच्चा दुवा होता असे म्हणायला काही आधार आहे का? आणि जोडीतला पुरुष नेमके काय करतो, की ज्याची नोंद पाहणाऱ्याच्या डोळ्यांत राहत नाही? मी या खेळात नवखा आहे. तरी सोपे करून, पण पूर्ण सांगावे, ही विनंती.

आकडेमोड

पर्वतीकर, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर गुणपत्रिकांतून बरेचसे देता येते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

सावचेंको आणि शोल्कोवी ही जोडी २००७ ते २०१४ या काळात सलग आठ जागतिक स्पर्धांमध्ये पदकाच्या मंचावर उभी होती. त्यांत पाच सुवर्ण, दोन रौप्य आणि एक कांस्य. जो खेळ एका निसटलेल्या हाताने संपतो, त्यात आठ वर्षे पहिल्या तिघांत राहणे एका कच्च्या आणि एका पक्क्या खेळाडूला शक्य नाही. जोडीत दोघांना एकच गुणसंख्या मिळते. शेजारी शेजारी एकच उडी मारताना एकाने तिहेरी पूर्ण केली आणि दुसऱ्याची दुहेरीवर थांबली, तर पंच कमी फेऱ्यांचीच उडी धरतात. दुबळा दुवा असतो तेव्हा तो दर महिन्याला, दर स्पर्धेत दिसतो, आठ वर्षे लपून राहत नाही.

आता ऑलिंपिककडे वळू. २०१० मध्ये व्हँकूव्हरला चीनच्या शेन श्वे आणि झाओ होंगबो यांनी २१६.५७ गुणांनी सुवर्ण घेतले, पांग चिंग आणि तोंग जियान यांना २१३.३१ गुण मिळाले आणि सावचेंको-शोल्कोवी २१०.६० गुणांवर राहिले. सोचीची गोष्ट मात्र अधिक दुखरी आहे. शॉर्ट प्रोग्राम म्हणजे स्पर्धेचा पहिला, छोटा भाग झाल्यावर ही जोडी ७९.६४ गुणांसह दुसरी होती आणि यजमान रशियाच्या वोलोसोझार-त्रान्कोव यांच्याकडे ८४.१७ गुण होते. साडेचार गुणांची ती दरी भरून काढायची, तर सर्वांपेक्षा अवघड काही तरी करून दाखवणे भाग होते. त्यांच्याकडे थ्रो ट्रिपल ॲक्सेल होती. यात पुरुष स्त्रीला फेकतो आणि ती हवेत साडेतीन फेऱ्या घेऊन एका पायावर उतरते. कार्यक्रमाच्या अगदी शेवटी, म्हणजे चार मिनिटांहून अधिक काळ पळून पाय जड झालेले असताना, त्यांनी ती घेतली आणि सावचेंको उतरताना पडली. फ्री स्केटिंगचे, म्हणजे या दुसऱ्या, मोठ्या भागाचे १३६.१४ गुण धरून एकूण २१५.७८ झाले. स्तोल्बोवा आणि क्लिमोव २१८.६८ गुणांनी पुढे निघून गेले आणि दुसऱ्या स्थानाचे तिसरे झाले.

त्या क्षणी पडली ती सावचेंको. मी तिला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. पण आपला भाचा ज्या तर्काने स्वतःला दोषी ठरवतो आहे, तो तर्क इथे लावला, तर सोचीतल्या हुकलेल्या रौप्यपदकाचे खापर तिच्यावर फुटेल आणि तेही तितकेच चुकीचे होईल. फेक कमी उंच होती की उतरण्याचा कोन चुकला, हे त्या दोघांनाही त्या क्षणी वेगवेगळे सांगता आले नसते, कारण ती एकच हालचाल होती.

आणखी एक हिशेब सांगतो. २०१२ मध्ये नीस येथे याच जोडीने वोलोसोझार-त्रान्कोव यांना २०१.४९ विरुद्ध २०१.३८ असे अवघ्या ०.११ गुणाने हरवून जगज्जेतेपद घेतले होते. प्योंगचांगला सावचेंको-मासो यांचे सुवर्ण ०.४३ गुणाने आले. इतक्या बारीक फरकांवर एखाद्याला थोर आणि दुसऱ्याला अपुरा ठरवणे मला तरी पटत नाही.

केमनिट्समधून

मी कामानिमित्त काही वर्षे जर्मनीच्या पूर्वेकडील केमनिट्स या शहरात राहतो. सावचेंको आणि शोल्कोवी यांची जोडी याच शहरात जमली, म्हणून चार गोष्टी लिहिण्याचा मोह आवरत नाही. शहराच्या क्युशवाल्ड नावाच्या वनराईलगत बर्फाचे क्रीडासंकुल आहे. हिवाळ्यात माझ्या मुलीला तिथे घेऊन जातो तेव्हा कठड्याजवळ उभे राहून कितीदा तरी मनात येते की हे काही झगमगीत ठिकाण नाही. गार हवा, ओले रबरी गालिचे आणि बर्फ खरवडणाऱ्या ब्लेडचा आवाज. आठ वर्षे जगाच्या मंचावर राहिलेली जोडी अशा साध्या जागी घडली, हे पाहिल्याशिवाय नीट कळत नाही.

शोल्कोवीचा जन्म १९७९ मध्ये त्या वेळच्या पूर्व जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड या बाल्टिक किनाऱ्याजवळच्या गावी झाला. त्याचे वडील टांझानियाचे आणि आई जर्मन. ज्या खेळात त्या काळी वेगळ्या वर्णाचा चेहरा क्वचितच दिसे, त्या खेळात हा मुलगा वाढला. २००३ मध्ये तो चोवीस वर्षांचा होता आणि त्याला जोडीदार नव्हती. जोडी स्केटिंगमध्ये हा मोठा धोका असतो, कारण कितीही कौशल्य असले तरी समोर कोणी नसेल, तर स्पर्धेत नावच नोंदवता येत नाही. नेमक्या त्याच वेळी युक्रेनमधली सावचेंकोही एकटी पडली होती. कीवच्या दक्षिणेकडील ओबुखिव या गावची ही मुलगी स्तानिस्लाव मोरोझोवबरोबर २००० मध्ये कनिष्ठ गटाची जगज्जेती झाली होती आणि २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये ती जोडी पंधरावी आली होती. त्यानंतर ती जोडी फुटली. सावचेंको परक्या देशात, भाषा येत नसताना, एका अनोळखी मुलाबरोबर चाचणी द्यायला केमनिट्सला आली.

दोघांना जोडणारा प्रशिक्षक इंगो श्टॉयर हा १९९७ चा जगज्जेता होता. २००६ च्या सुरुवातीला, तुरिन ऑलिंपिक तोंडावर असताना, त्याने तरुणपणी पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांना माहिती पुरवल्याचे उघड झाले आणि जर्मन ऑलिंपिक समितीने त्याला पथकाबाहेर ठेवण्याचे ठरवले. श्टॉयर न्यायालयात गेला आणि तिथून त्याला तुरिनची वाट मोकळी झाली. सावचेंकोला जर्मन नागरिकत्व मिळूनही तेव्हा जेमतेम काही आठवडे झाले होते. अशा गदारोळात ही जोडी तुरिनला उतरली आणि सहावी आली. पुढेही प्रशिक्षक बदलण्याचा दबाव होता, पण दोघांनी त्याला सोडले नाही. श्टॉयरने जे केले त्याचे समर्थन मी करत नाही. इथल्या जुन्या पिढीसाठी ती जखम अजून ओली आहे आणि शेजारच्या आजी त्या काळाविषयी बोलू लागल्या की आवाज आपोआप खाली आणतात. मी सांगतो आहे ते एवढेच, की शोल्कोवी त्या वर्षांत पूर्व जर्मनीतच वाढलेला, तो प्रश्न आपल्या घरचा म्हणून जाणणारा माणूस होता आणि सावचेंकोला ज्या घडीला पायाखाली काही तरी स्थिर हवे होते, त्या घडीला तो ढळला नाही. याची नोंद कुठल्याही गुणपत्रिकेत नसते.

पर्वतीकर, आपल्या भाच्याला हेही सांगा की जोडीदार बदलणे हा या खेळातला अपवाद नव्हे, रीतच आहे. सावचेंकोचा आधीचा जोडीदार स्तानिस्लाव मोरोझोव पुढे तात्याना वोलोसोझारबरोबर खेळला आणि काही काळ ती दोघेही केमनिट्समध्ये श्टॉयरकडेच सराव करत होती. २०१० नंतर मोरोझोव थांबला, वोलोसोझारने त्रान्कोवला जोडीदार केले आणि मोरोझोव त्या दोघांच्या प्रशिक्षकांपैकी एक झाला. म्हणजे सोचीत सावचेंको-शोल्कोवी ज्या जोडीपुढे हरले, तिच्या कठड्याशी सावचेंकोचाच जुना जोडीदार उभा होता. याला योगायोग म्हणवत नाही, कारण या खेळाचे जगच इतके लहान आहे की सगळे एकमेकांच्या हातांखालून गेलेले असतात.

चाकांवरून

मी पंधरा वर्षे चाकांवर जोडी स्केटिंग केले आणि आता मुलांना शिकवते. पर्वतीकरदादा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी द्यावे असे वाटले, कारण तुमच्या भाच्यासारखी मुले दर दोन वर्षांनी माझ्यासमोर येऊन उभी राहतात.

जोडीतला मुलगा काय करतो? तो उचलतो, हे सर्वांना दिसते. उचलताना त्याचे पायही चालू असतात, हे फार थोड्यांना दिसते. डोक्यावर जोडीदार आहे, मान वर करून पाहण्याची सोय नाही आणि त्याच वेळी त्याला स्वतःच्या ब्लेडच्या कडांवर गोल गोल फिरत रिंकच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायचे असते. वरची मुलगी हात सोडून आकृती बदलते तेव्हा तिचे वजन एका बाजूला झुकते आणि तेवढेच त्याला मनगटातून, खांद्यातून आणि शेवटी घोट्यातून दुसऱ्या बाजूला झुकावे लागते. प्रेक्षक वर पाहत असतात आणि खाली घोट्यात जे चालते ते बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

डेथ स्पायरलमध्ये तर तो जवळजवळ स्थिर असतो. एका पायाच्या ब्लेडचे दातेरी टोक बर्फात रोवून, गुडघा वाकवून तो खुंटीसारखा बसतो आणि मुलगी एका कडेवर, डोके बर्फाच्या जवळ नेऊन, त्याच्याभोवती वर्तुळ काढते. छायाचित्र तिचे येते. पण ती ज्या हाताला धरून फिरते त्या हाताने थोडे जास्त ओढले, तर तिची कड सुटते आणि थोडे कमी ओढले, तर ती बसकण मारते. इंचभराचा हा हिशेब त्याच्या कोपरात असतो.

आणि ट्विस्ट. मुलगी कमरेपाशी धरून वर फेकली जाते, हवेत आडवी तीन फेऱ्या घेते आणि उतरण्याआधी पुन्हा कमरेपाशी झेलली जाते. वरच्या दर्जाचे गुण हवे असतील, तर फेकल्यावर मुलाने आपले दोन्ही हात बाजूला पसरून खांद्यापर्यंत न्यायचे असतात आणि मग पुन्हा एकत्र आणून झेलायचे असते. म्हणजे ज्या क्षणी हात तयार ठेवावेत असे साऱ्या अंगाला वाटत असते, नेमक्या त्याच क्षणी ते मुद्दाम दूर न्यायचे. शोल्कोवीचे हे हात मी अनेकदा चित्रफीत थांबवून थांबवून पाहिले आहेत. त्यात घाई नसते. आमच्या मुलांना मी नेहमी सांगते की उंची नंतर येईल, आधी ते शांतपण शिका.

माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलेले सांगते. एका स्पर्धेच्या आदल्या दिवशी सरावात माझ्या जोडीदाराने मला अर्धा ठोका आधी सोडले आणि माझी हनुवटी फरशीवर आपटली. सात टाके पडले. त्याच्या मनावर त्याचा इतका परिणाम झाला की पुढचे चार महिने तो मला उंच फेकतच नव्हता. कमी उंचीमुळे माझ्या फेऱ्या अपुऱ्या राहायच्या आणि पाहणाऱ्यांना वाटायचे की मीच घाबरते आहे. जोडीत कोणाची चूक कोणाच्या अंगावर दिसेल, याचा नेम नसतो. म्हणून तुमच्या भाच्याने एकट्याने निकाल लावून घेऊ नये. त्याच्या प्रशिक्षकांकडे जुने चित्रीकरण असेल, तर त्याच्या शेजारी बसून ते पाहावे आणि कोणता घटक कुठे सुटत होता, हे नावानिशी लिहून काढावे. नावानिशी लिहिले की "मीच वाईट" हे वाक्य आपोआप लहान होऊन "माझा उजवा हात उशिरा येतो" इतकेच उरते, आणि ते दुरुस्त करता येते.

जुना_प्रेक्षक

वरील उत्तरे मनापासून आवडली, तरी एका बाबतीत मला वेगळे म्हणायचे आहे. मुलाला धीर देण्याच्या भरात आपण त्याला अर्धेच सत्य सांगू नये.

सावचेंको मासोबरोबर अधिक उंच गेली, हे खरे आहे. मासो शोल्कोवीपेक्षा उंच आणि अंगाने दणकट. त्यांची ट्विस्ट त्या काळात जगातली सर्वांत उंच आणि मोकळी समजली जाई आणि थ्रो उड्यांची लांबी पाहून डोळे विस्फारत. शरीराच्या घडणीमुळे एका जोडीला जे साधते ते दुसरीला साधतेच असे नाही. शोल्कोवीची ताकद निराळी होती. दोघांच्या ब्लेडची लय, वळणांची एकरूपता, संगीताशी असलेले नाते यांत ती जोडी अनेक वर्षे सर्वांत पुढे होती. मुलाला असे स्पष्ट सांगावे की दुसरा मुलगा काही बाबतीत सरस असू शकतो आणि तरीही तुझे काम खोटे ठरत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला एवढे कळते, आपण समजतो त्यापेक्षा जास्त कळते.

पण मासोचाही मार्ग सरळ नव्हता, हेही त्याच दमात सांगावे. फ्रान्सच्या महासंघाने त्याला जर्मनीकडून खेळण्याची परवानगी देईपर्यंत २०१५ चे वर्ष सरत आले होते. म्हणजे सोचीनंतरचा संपूर्ण पहिला हंगाम ही जोडी स्पर्धेविना बसून होती. जागतिक स्पर्धेत जोडीतला एक जण त्या देशाचा नागरिक असला की चालते, ऑलिंपिकमध्ये मात्र दोघेही लागतात. म्हणून त्याला जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागली आणि नागरिकत्व मिळाले ते नोव्हेंबर २०१७ मध्ये, ऑलिंपिकच्या तीन महिने आधी. प्रत्यक्ष प्योंगचांगला शॉर्ट प्रोग्राममध्ये त्यानेच सालचो नावाची उडी तिहेरीऐवजी दुहेरी मारली. जोडी ७६.५९ गुणांवर, चौथ्या क्रमांकावर गेली आणि आघाडीवरच्या स्वेई वनजिंग व हान त्सुंग यांच्यापासून ५.८० गुण दूर पडली. त्या रात्री सुवर्णपदक हुकले असते, तर दोष देणाऱ्यांनी मासोचेच नाव घेतले असते. दुसऱ्या दिवशी, १५ फेब्रुवारी २०१८ रोजी, त्यांनी फ्री स्केटिंगमध्ये १५९.३१ गुणांचा तेव्हाचा विश्वविक्रम केला आणि एकूण २३५.९० विरुद्ध २३५.४७ अशा फरकाने ते जिंकले. जर्मनीला जोडी प्रकारात १९५२ नंतर प्रथमच सुवर्ण मिळाले.

मी ती स्पर्धा घरी दूरदर्शन संचासमोर बसून पाहिली. कार्यक्रम संपल्यावर सावचेंको बर्फावरच बसून राहिली, तेव्हा आमच्या घरात कोणी बोलत नव्हते. पाचव्या ऑलिंपिकमध्ये आलेले ते पहिले सुवर्ण होते. त्या पाचांपैकी तीन वेळा तिच्या शेजारी शोल्कोवी उभा होता, हे मला त्याच क्षणी आठवले आणि मग मी त्याला शोधू लागलो. तो काय करतो आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

आकडेमोड

जुना_प्रेक्षक यांनी जिथे सोडले तिथून पुढे लिहितो, कारण शोल्कोवीच्या कारकिर्दीचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग इथेच सुरू होतो आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही.

सोचीनंतर महिन्याभरात जपानमधल्या सैतामा येथे जागतिक स्पर्धा होती. ऑलिंपिकच्या निराशेनंतर अनेक जण ती स्पर्धा टाळतात. हे दोघे गेले, जिंकले आणि पाचव्या जगज्जेतेपदासह शोल्कोवी थांबला. तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. सावचेंको तिशीची होती आणि तिला पुढे खेळायचे होते. चार वर्षांनी प्योंगचांगला ती जिंकली तेव्हा तिचेही वय चौतीसच होते. म्हणजे तो ज्या वयात थकून थांबला, त्याच वयात ती शिखरावर पोहोचली, आणि यात कोणी जास्त जिद्दी, कोणी कमी, असे काही ठरत नाही. दोघांच्या वयांत साडेचार वर्षांचे अंतर होते आणि प्रत्येकाचे शरीर आपापला हिशेब ठेवते.

निवृत्तीनंतर तो मॉस्कोत निना मोझर यांच्या चमूत प्रशिक्षक म्हणून गेला आणि येव्गेनिया तारासोवा व व्लादिमीर मोरोझोव या तरुण जोडीबरोबर काम करू लागला. (हा मोरोझोव वेगळा, आडनावामुळे गोंधळ होऊ नये.) २०१७ मध्ये ओस्त्रावा येथे युरोपीय स्पर्धेत या जोडीने सुवर्ण घेतले आणि रौप्य मिळाले सावचेंको-मासो यांना. म्हणजे शोल्कोवीच्या शिष्यांनी त्याच्या जुन्या जोडीदाराला मागे टाकले. पुढच्या वर्षी प्योंगचांगला हीच तरुण जोडी शॉर्ट प्रोग्रामनंतर दुसरी होती, सावचेंकोच्या पुढे. फ्री स्केटिंगमध्ये त्यांची घडी विस्कटली आणि ते चौथ्या स्थानी गेले. महिन्याभरात मिलानच्या जागतिक स्पर्धेत सावचेंको-मासो २४५.८४ गुणांच्या विक्रमासह पहिले आले आणि दुसरे आले तारासोवा-मोरोझोव. त्या हंगामात शोल्कोवीला कोणाच्या पराभवाने वाईट वाटले असेल आणि कोणाच्या विजयाने आनंद झाला असेल, हे सांगायचे धाडस मी करणार नाही. पण ज्या घटकांवर त्याने सावचेंकोबरोबर अकरा वर्षे घाम गाळला, ते घटक त्या हंगामात एकाच वेळी दोन जोड्यांच्या अंगात होते. एकीत ते सावचेंकोच्या पायांतून उतरले होते आणि दुसरीत त्याच्या शिकवण्यातून.

असेच चीनच्या बाबतीत. व्हँकूव्हरला शोल्कोवीला मागे टाकणारा झाओ होंगबो पुढे स्वेई आणि हान यांचा प्रशिक्षक झाला. ०.४३ गुणाने ज्यांचे सुवर्ण हुकले ते त्याचेच शिष्य. तेव्हा पर्वतीकर, व्हँकूव्हरमधले स्पर्धक आठ वर्षांनंतरही एकमेकांसमोर होतेच, फक्त काही जण बर्फावर होते आणि काही कठड्यामागे.

केमनिट्समधून

आकडेमोड, एका गोष्टीची भर घालतो. निकालपत्रात जोडीचे नाव लिहिताना स्त्रीचे नाव आधी येते, त्यामुळे वृत्तपत्रांच्या मथळ्यात जागा कमी पडली की पुरुषाचे नाव गळते. इथल्या स्थानिक वृत्तपत्रात मात्र शोल्कोवीचे नाव गळत नसे, कारण सावचेंको पाहुणी म्हणून आली आणि शोल्कोवी या भागातला होता. कोणाचे नाव राहते, हे पुष्कळदा कोण कुठून पाहतो यावर ठरते.

शिवाय जुन्या इतिहासाकडे पाहिले, तर जोडीदार बदलूनही दोघांचेही नाव राहिल्याची उदाहरणे आहेत. इरिना रोदनिनाने १९७२ चे ऑलिंपिक सुवर्ण अलेक्सी उलानोवबरोबर आणि १९७६ व १९८० ची दोन सुवर्णे अलेक्झांडर झाइत्सेवबरोबर मिळवली. पुरुषांत आर्तुर द्मित्रियेवने १९९२ मध्ये नतालिया मिश्कुत्योनोकबरोबर आणि १९९८ मध्ये ओक्साना काझाकोवाबरोबर सुवर्ण घेतले. मागे राहिलेला जोडीदार नेहमी मुलगाच असतो असे नाही. मिश्कुत्योनोकनेही १९९४ मध्ये द्मित्रियेवबरोबर रौप्य घेऊन स्पर्धा सोडली आणि चार वर्षांनी त्याला दुसरीबरोबर जिंकताना पाहिले.

चाकांवरून

दादा, भाच्याला जोडीदार मिळेपर्यंत थांबायला सांगू नका, एवढे एक सांगायचे राहिले होते. एकट्याने करण्याजोगे जोडीचे पुष्कळ काम असते. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून हात बाजूला नेणे आणि परत आणणे, वाळूची पिशवी डोक्यावर धरून कडांवर फिरणे, गुडघा वाकवून एका जागी मिनिटभर बसणे. शोल्कोवीही २००३ मध्ये जोडीदाराविना होता आणि तरी त्यानंतरच त्याची खरी जोडी जमली. पुढच्या मोसमात आमच्याकडे दोन मुली जोडीदार शोधत असतील. प्रशिक्षकांमार्फत रीतसर विचारणा करा, चाचणी घेऊ.

पर्वतीकर

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, मी मनापासून आभारी आहे. काल संध्याकाळी भाचा घरी आला होता. मी त्याला हा धागा वाचायला दिला नाही, फक्त सैतामाच्या स्पर्धेची चित्रफीत लावून दिली आणि चाकांवरूनताईंनी सांगितल्याप्रमाणे ट्विस्टच्या वेळी मुलाचे हात बघ, एवढेच म्हटले. त्याने ती जागा चार वेळा मागे नेली. पाचव्या वेळी त्याने आवाज बंद केला, उठून संचाच्या अगदी जवळ जाऊन बसला आणि मला विचारले, "मामा, हात परत आणताना याचे अंगठे वर आहेत की आत?" मला ते दिसले नाही. ताई, आपल्याला ठाऊक असेल तर कृपया लिहावे, कारण तो रविवारी पुन्हा येणार आहे आणि स्केट्स घेऊन येतो म्हणाला आहे.

चाकांवरून

आत, दादा. अंगठे आत आणि बोटे पसरलेली, म्हणजे कंबर तळहातात बसते आणि बोटे बरगडीत रुतत नाहीत. रविवारी त्याला पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन छातीइतक्या उंचीवरून झेलायला द्या, पण घराबाहेर, मऊ मातीवर.